बस्त्यातलं एक पान वाचून घ्यायला किती पैसे?
मंठा तालुक्यातल्या घरांसाठी खर्चाचा हिशोब

मंठा तालुक्यात ज्या घरात कधीकाळी पाटीलकी, पटवारीपण किंवा सावकारी होती, तिथे माळ्यावर कापडात बांधलेला एखादा बस्ता अजून निघतो. आत मोडीतल्या वह्या, उर्दूतले हुकूम, एखादा नकाशा आणि कसर लागलेल्या पावत्या. बरीच वर्षं त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. २०२३ मध्ये जिल्ह्यातल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन कुणबी नोंदी धुंडाळू लागली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय निघाला आणि गावोगाव लोक आजा-पणजाचं नाव शोधायला लागले. त्याच सुमारास मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. फोटो टाकला की मजकूर समोर. साहजिकच आता विचारणा होते ती अशी: हे वाचून घ्यायला किती लागतात, आणि जे वाचून मिळतं त्यावर किती भरवसा ठेवायचा?

थोडक्यात उत्तर आधी देतो. यंत्राचा खर्च या सगळ्यात सर्वांत कमी आहे, बहुतेक घरांना तो शून्यही पडेल. पैसे लागतात ते कागद मिळवायला आणि यंत्राने वाचलेलं तपासणाऱ्या माणसाला. यंत्रावर उधळून तपासणीवर काटकसर केली, तर हातात सुवाच्य अक्षरांतला चुकीचा इतिहास येतो.

आधी कागद ओळखा

मंठा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे इथल्या कागदांचे साधारण तीन थर पडतात. तालुका कचेरीपासून वरचा कारभार उर्दूत, त्याहून जुना फारसीत. गावपातळीवरचं पटवाऱ्याचं लिखाण बरंचसं मोडी मराठीत. आणि संस्थान विलीन झाल्यानंतरच्या नोंदी हळूहळू देवनागरीत. सेतवार, पाहणीपत्रक, वसूल बाकी, इनामाचा मुंतखब, १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणीपत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर अशी नावं तुमच्या कानावरून गेलेली असतील. यांतला तुमच्या हातातला कागद कोणत्या लिपीत आहे यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. म्हणून पैसे काढण्याआधी पानांचे लिपीप्रमाणे तीन गठ्ठे करा.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. निजामी कागदावर बहुधा फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि फसली वर्ष दोन इसवी वर्षांत विभागलेलं असतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. उर्दू मजकूर पाहिला की यंत्र हा आकडा हिजरी समजण्याचा धोका असतो. १३४४ फसली म्हणजे १९३४-३५, पण १३४४ हिजरी म्हणजे १९२५-२६. नऊ वर्षांचा हा फरक वंशावळीत एका भावाला दुसऱ्याचा बाप करून ठेवू शकतो. महिन्याचं नाव आजुर, दै, बहमन, तीर, मेहर असं असेल तर सन फसलीच आहे. मोहरम, सफर, रज्जब असेल तर हिजरी.

आकड्यांचंही तसंच. जुन्या उर्दू-फारसी हिशोबात रक्कम साध्या अंकांत लिहिलेली नसते. ती ‘रकम’ पद्धतीच्या वळणदार खुणांत असते. या खुणा यंत्राकडून वाचून घेण्याच्या फंदात पडू नका. त्या ओळी तशाच सोडा आणि जाणकाराला दाखवा.

कागद हाती येण्याचा खर्च

घरचा बस्ता फुकट आहे. सरकारी दप्तरातली नोंद हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो. नेमकं कुठलं पान हवं हेच माहीत नसेल, तर माहिती अधिकाराचा रस्ता स्वस्त पडतो. अर्जाला १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये, आणि कागद समोर बसून पाहायचे असतील तर पहिला तास विनाशुल्क. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. आधी तपासणी मागा, वही चाळा, पान क्रमांक टिपून घ्या आणि मगच नक्कल मागा. सरसकट ‘सर्व नोंदी द्या’ असा अर्ज केला तर शे-दोनशे निरुपयोगी पानांचे पैसे भराल आणि ती वाचून घ्यायचा खर्च वेगळा.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी मंठ्याचा भाग ज्यात येई तो परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि मंठ्याकडचा कागद शोधताना हे विसरलं तर जालन्याचे हेलपाटे वाया जातात. ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं तर परभणीला विचारा. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय आहे, आणि सर्वांत शेवटी हैदराबादमधल्या तारनाका भागातलं तेलंगण राज्य अभिलेखागार. प्रवासखर्च इथे खरा वाढतो. राज्यातल्या राज्यात एसटीने महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. घरातली जुनी नावं, शिवेवरच्या शेतांची नावं ज्यांना पाठ आहेत, अशा आजी-आजोबांना तब्येत साथ देत असेल तर बरोबर न्या. अभिलेख कक्षात त्यांचा उपयोग कुठल्याही ॲपपेक्षा जास्त होतो.

शिंदे समितीच्या शोधात सापडलेल्या कुणबी नोंदींपैकी बऱ्याच जिल्हा प्रशासनांनी आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या आहेत. त्या पाहायला पैसे लागत नाहीत. ‘एआयने तुमची नोंद काढून देतो’ म्हणत कुणी हजारो रुपये मागत असेल, तर आधी स्वतः तिथे शोधा.

फोटो: इथे वेळ घाला

यंत्र चुकतं त्यातल्या बऱ्याच चुका फोटोत जन्मलेल्या असतात, म्हणून हा भाग सोडू नका. साधा मोबाइल पुरतो. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, सावली पडणार नाही असं पान सपाट ठेवा. फ्लॅश बंद. फोन पानाला समांतर, तिरका नाही. दोन पानं एका फोटोत घेऊ नका. स्कॅन करणारी ॲप्स पान काळं-पांढरं करून स्वच्छ दाखवतात, ते टाळा. फिक्या शाईतल्या बारीक रेषा त्यात पुसल्या जातात आणि मोडीत एक बारीक वळण गेलं की अक्षर बदलतं. मूळ रंगीत फोटो ठेवा.

मुडपलेला कागद इस्त्री करू नका, सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन झालेला कागद पुन्हा मूळ स्थितीत येत नाही, आणि उद्या त्याच्या खरेपणाची तपासणी झाली तर शाई-कागद पाहणाऱ्याची अडचण होते. हवा-उजेडात हलक्या हाताने उलगडा, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. फाइलला नाव देताना गाव, वही, सन, पान असा क्रम ठेवा. पन्नास पानांनंतर ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या नावांत कुठलं पान कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही.

या सगळ्याचा खर्च एक ब्रश आणि एक पेन ड्राइव्ह, म्हणजे पाचशे-सातशे रुपयांच्या आत.

यंत्र काय घेतं आणि काय देतं

जेमिनी, चॅटजीपीटी यांसारख्या सर्वसाधारण सहायकांना दिवसाकाठी काही फोटो फुकट देता येतात. दहा-वीस पानांच्या घराला तेवढं पुरतं. जास्त पानं असतील तर महिन्याचं सदस्यत्व घ्यावं लागतं. भारतात चॅटजीपीटीची ‘गो’ योजना ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांनी सुरू झाली, त्यावरची योजना दोन हजारांच्या घरात जाते. योजना आणि सवलती वारंवार बदलतात, तेव्हा पैसे भरताना त्या दिवसाचा दर पाहा आणि महिना संपला की आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. वर्षाचं सदस्यत्व घेण्याचं कारण नाही. काम महिनाभरात उरकतं.

छापील देवनागरीसाठी गुगल ड्राइव्हमधली मजकूर काढायची सोय फुकट आहे. हजारो छापील पानं असतील तर गुगलची क्लाउड व्हिजन सेवा महिन्याला पहिली हजार पानं फुकट वाचते आणि पुढे हजार पानांना दीड डॉलर घेते, म्हणजे एका पानाला पंधरा पैशांच्या आसपास. मात्र हे छापील मजकुराचं झालं.

हस्ताक्षरात प्रत्येक लिपीचं नशीब वेगळं आहे. साठच्या दशकातल्या मास्तरांनी टाकाने किंवा फाउंटन पेनने लिहिलेलं शाळेचं देवनागरी रजिस्टर हे सहायक बऱ्यापैकी वाचतात. कोरीव वळणाचं उर्दू मध्यम. शिकस्ता वळणाचं, म्हणजे कारकुनी घाईतलं उर्दू-फारसी, वाईट. आणि मोडी? मोडीच्या बाबतीत आजच्या घडीला फुकटच्या सहायकावर विसंबू नका, असंच माझं स्पष्ट मत आहे.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यंत्र शिकतं ते ‘हा फोटो आणि हा त्याचा बरोबर मजकूर’ अशा जोड्यांवरून. देवनागरीच्या अशा जोड्या जगात अमाप आहेत. मोडी ही लिपी युनिकोडमध्येच २०१४ साली आली, तोवर संगणकात तिच्यासाठी सर्वमान्य संकेत नव्हते. त्यात मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणं एकमेकांपासून दूर आहेत. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीतून थेट देवनागरी करणारं एक प्रारूप आणि त्यासाठी २,०४३ प्रतिमांचा संच प्रसिद्ध केला. काम महत्त्वाचंच आहे. पण दोन हजार प्रतिमा ही सुरुवात आहे, आणि तुमच्या गावच्या पटवाऱ्याचा हात त्यात असेलच असं नाही.

अनोळखी लिपी समोर आली की सहायकाने ‘मला वाचता येत नाही’ म्हणायला हवं. पुष्कळदा तो तसं म्हणत नाही. तो शोभेलसा मजकूर रचतो. ‘श्री’ने सुरुवात, मग मौजे, परगणा, एखादं पाटलाचं नाव, सगळं कसं खरं वाटावं असं. म्हणून त्याच्याशी बोलताना तीन गोष्टी पाळा. पहिली, आपल्याला काय हवंय ते सांगू नका. ‘यात आमच्या पणजोबांचं अमुक नाव आणि अमुक जात आहे का?’ असं विचारलंत की ते नाव आणि ती जात ‘सापडण्याची’ शक्यता वाढते. नुसतं ‘जसं आहे तसं, ओळीला ओळ लिही, जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नकोस’ एवढंच सांगा. दुसरी, अर्थ आणि वाचन एकाच वेळी मागू नका. आधी अक्षरं, मग अर्थ. तिसरी, तेच पान नव्या संवादात पुन्हा द्या, शक्य तर दुसऱ्या कंपनीच्या सहायकालाही द्या. दोन्ही वाचनं जिथे जुळत नाहीत तिथे लाल खूण करा. आणि आडनावं, गावांची नावं, सन व क्षेत्रफळाचे आकडे जुळले तरी तपासा, कारण दोन यंत्रं एकच चूक करू शकतात.

फोटो टाकण्याआधी पानावर हयात माणसांची माहिती आहे का ते पाहा. १९६० च्या शाळा रजिस्टरमधली मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांची जन्मतारीख आणि जात त्या पानावर आहे. रजिस्टर शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. फुकट सेवा आपण दिलेला मजकूर पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू शकतात, ती मुभा सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि जमिनीचा कागद असेल तर यंत्राचं कच्चं वाचन घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. चुकीच्या वाचलेल्या एका हिश्श्यावरून भावकीत दावे उभे राहतील.

मोडी जाणणारा माणूस

मोडी वाचकाचा सरकारने ठरवलेला एक दर नाही. पानावर, ओळीवर, तासावर, कागदाच्या अवघडपणावर असे सगळे प्रकार चालतात. बोलणी करताना चार गोष्टी आधी ठरवा. पान म्हणजे किती ओळी? नुसतं लिप्यंतर की आजच्या मराठीतला अर्थही? खाली वाचकाची सही आणि तारीख मिळेल का? आणि शंकास्थळं दाखवून देणार का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ज्याच्या वाचनात एकही शंका नाही, त्याचं वाचन मी दुसऱ्याकडून तपासून घेईन.

पूर्ण बस्ता वाचायला देऊ नका. आधी तासाच्या दराने चाळणी करून घ्या. अनुभवी वाचक शीर्षक आणि सन पाहून पान कशाचं आहे ते भराभर सांगतो. कामाची पानं वेगळी काढा आणि तेवढीच पूर्ण वाचून घ्या.

घरातल्या एखाद्या तरुणाने मोडी शिकणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे मी आग्रहाने सांगतो. पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडी प्रशिक्षणाचे वर्ग घेतं, शुल्क नाममात्र असतं. दहा-बारा दिवसांत मुळाक्षरं आणि बाराखडी येते. हात बसायला पुढे काही महिन्यांचा सराव लागतो. आणि आपल्याच गावची, आपल्याच भावकीची नावं वाचायची असल्यामुळे त्याला जे पटकन ओळखू येतं ते पुण्या-मुंबईच्या वाचकालाही अडतं. शिकताना यंत्राचा उपयोग होतो. त्याने वाचलेल्या ओळीतल्या चुका शोधणं हा चांगला सराव आहे.

हिशोब करून पाहू

समजा, मोडी वाचकाने पानाला ३०० रुपये सांगितले. हा आकडा फक्त उदाहरणापुरता, तुमचा तुम्ही घाला.

घरात बारा मोडी पानं आहेत. सगळी वाचून घेतली तर ३,६०० रुपये. एक तास चाळणी करून त्यातली चार कामाची निघाली तर १,२०० आणि चाळणीचे वेगळे. इथे यंत्राची गरजच नाही.

गावच्या शाळेचं चारशे पानांचं देवनागरी रजिस्टर आहे, गावाला शाळेचा इतिहास लिहायचा आहे. यंत्र महिन्याच्या ३९९ रुपयांत कच्चं वाचन देईल. एक पान फोटोशी ताडून पाहायला दहा मिनिटं धरली तर चारशे पानांना सुमारे ६७ तास होतात. गावातल्या दोन पदवीधर मुला-मुलींना ताशी १०० रुपये दिले तर ६,७०० रुपये. यंत्राला चारशे, माणसांना सात हजारांच्या जवळ. हे प्रमाण योग्य आहे. त्यात घट करायची असेल तर पानांची संख्या घटवा, तपासणीचा वेळ नको.

तिसरा प्रकार वाड्याचा. एकाच कुळकर्ण्याच्या हातची दीड हजार पानं. सगळी वाचकाकडून म्हटली तर साडेचार लाख. इथे यंत्राला त्या एका हाताचं वळण शिकवणं परवडू शकतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची ‘ट्रान्सक्रिबस’ ही सेवा नेमकं हेच करते. माणसाने अचूक वाचलेले ५,००० ते १५,००० शब्द, म्हणजे २५ ते ७५ पानं दिली की ती त्या हस्ताक्षरासाठी वेगळं प्रारूप घडवते. पुढे पानागणिक क्रेडिट कापले जातात, पैसे युरोत लागतात आणि बँकेचा परकीय व्यवहाराचा आकार वर. पॅरिसमध्ये तयार झालेलं ‘इ-स्क्रिप्टोरियम’ हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते बसवायला संगणकातला माणूस हवा. शिकवणीची ५० पानं वाचायला १५,००० रुपये. उरलेल्या १,४५० पानांची यंत्राने केलेली प्रत वाचकाने नुसती दुरुस्त केली आणि त्यासाठी पानाला १०० घेतले तर १,४५,०००. बेरीज १,६०,००० आणि क्रेडिटचे वेगळे. साडेचार लाखांपुढे ही मोठी बचत आहे, पण एका अटीवर. शंभर अक्षरांत दहापेक्षा जास्त चुका येत असतील तर वाचक म्हणेल की दुरुस्त करण्यापेक्षा मी नव्याने वाचतो, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून आधी शिकवणीत न दिलेल्या पाच पानांवर चुका मोजा आणि मगच पुढचे पैसे भरा.

एवढा खर्च एका घराने करू नये. अशा मोठ्या दप्तरासाठी महाविद्यालयाचा इतिहास विभाग, पुराभिलेख कार्यालय किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेशी बोला. परंपरेने मोडीचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या हेमाडपंतांचं नाव जिथे आजही घेतलं जातं ते हेलस याच तालुक्यात आहे. इथली एका हातची दीड हजार पानं ही घरापुरती वस्तू राहत नाही.

कचेरीत काय चालतं

जातपडताळणीसाठी कागद हवा असेल तर प्रवर्गाची मानीव तारीख लक्षात ठेवा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीच्या पुराव्याला वजन असतं, म्हणून पैसे आधी त्या पानांवर लावा. पडताळणी समितीसमोर चालते ती मूळ नोंद आणि तिची प्रमाणित नक्कल, आणि दक्षता पथक मूळ दप्तर उघडून पाहू शकतं. यंत्राने दिलेली छापील प्रत पुरावा नाही. ती फक्त कुठलं पान मागायचं हे कळण्यासाठी. ‘एआय प्रमाणपत्र’ असा काही कागद विकत घेऊ नका.

वाचून झालेल्या प्रत्येक पानाची प्रत मूळ फोटोसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आणि प्रतीच्या माथ्यावर चार ओळी न चुकता लिहा: मूळ कागद कोणाकडे आहे, कोणत्या यंत्राने वाचला, कोणी तपासला, कोणत्या तारखेला. यंत्राने वाचलेलं पण अजून कुणी न तपासलेलं पान असेल, तर तिथे ‘तपासलेले नाही’ असं ठळक लिहा.